खिशातला कागद

डेपोतल्या प्रत्येक टँकरच्या पाट्यांना कुलपं होती आणि त्या सगळ्या कुलपांची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला होती, म्हणून त्या माणसाला सगळे कुलूपराव म्हणत. तोंडावर अर्थातच साहेब. पण ड्रायव्हर मंडळींना हळू बोलणं कधी जमत नाही, त्यामुळे हे नाव पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडलंही होतं. लोक कुणाला टकल्या म्हणतात, कुणाला रडक्या. त्यापेक्षा कुलूप काय वाईट?

आधी पाट्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पाट्यांवरूनच झालं. डेपोतून विषारी माल जायचा. कारखान्यांना लागणारी द्रावणं, ज्यांचा वास आला म्हणजे पळायला उशीर झाला असं समजायचं. प्रत्येक टँकरला चार बाजूंना चार पत्र्याच्या पाट्या, बिजागरीवर फिरणाऱ्या. एका बाजूला कवटी, मालाचा नंबर आणि खाली डेपोचा फोन. दुसरी बाजू कोरी पांढरी. टाकीत माल असला की कवटी दिसली पाहिजे. माल उतरवला तरी कवटीच, कारण रिकाम्या टाकीच्या तळाशी पेलाभर उरलं तरी माणूस आडवा करायला तेवढं पुरतं. टाकी तीन पाण्यांनी धुतली, आतला वायू मोजला, धुलाई केंद्राने दाखला दिला, की मग पाटी पालथी करायची. रस्त्यात काही झालं तर अग्निशमन दलाला लांबून पाटी वाचूनच ठरवावं लागतं, जवळ जायचं की नाही.

नियमपुस्तकात लिहिलं आहे की टाकी धुतली की तिथल्या तिथे पाटी पालथी करावी. कुलपाबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. कुलूप ही कुलूपरावांची स्वतःची भर.

त्यालाही कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर टँकर घेऊन परत आला, पाट्या पांढऱ्या. धुतली का, तर धुतली. त्याला धुलाई केंद्रावर कुणीतरी सांगितलं होतं, जा, झाली तुझी गाडी. त्याने विश्वास ठेवला आणि पाट्या पालथ्या केल्या. झाली होती शेजारची गाडी. वर्कशॉपमधला वेल्डर टाकीत उतरला, तो बाहेर येईना म्हणून त्याचा जोडीदार बघायला उतरला, आणि मग दोघांनाही दोर लावून वर घ्यावं लागलं. कुलूपराव तेव्हा साधे कारकून होते. त्या वेल्डरबरोबर ते रोज दुपारी एका बाकावर बसून डबा खायचे. त्या दिवशी त्याचा डबा बाकावरच राहिला, आणि तो त्याच्या घरी नेऊन द्यायचं काम कारकुनावर आलं.

तेव्हापासून कुलपं. ड्रायव्हरने पाटीला बोट लावायचं नाही. गाडी फाटकावर यायची, ड्रायव्हरने दाखला हातात द्यायचा, कुलूपरावांनी चष्मा लावून सातही रकाने वाचायचे, आठव्यात सही करून तारीख-वेळ टाकायची. कागदाच्या मध्यावर टिंबांची रेघ असे. तिथे फाडून वरचा भाग डेपोच्या फायलीला, खालचा भाग ड्रायव्हरला. मग कमरेची किल्ली काढून स्वतःच्या हाताने चारही पाट्या पालथ्या करायच्या. धुलाई केंद्र डेपोपासून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर. म्हणजे पाण्याने स्वच्छ झालेली, कुणाचं काही न बिघडवणारी गाडी एवढा रस्ता कवटी मिरवत यायची. त्याने काय होतं, असं कुलूपराव म्हणत. लोक चार पावलं लांब राहतील, एवढंच ना? व्यवस्थापनाला ही कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी परिपत्रक काढून ती आपली करून टाकली.

"तोंडी चालत नाही" ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ. दर वर्षी अग्निशमन केंद्रातल्या जवानांना ते धडे द्यायला जात तेव्हाही पहिलं वाक्य हेच. ड्रायव्हर सांगेल गाडी रिकामी आहे, सांगेल धुतली आहे, त्यावर जाऊ नका. तो खोटं बोलतोय म्हणून नव्हे. खोटं बोलणारा परवडला, खरं बोलता बोलता चुकणारा जास्त धोक्याचा. पाटी वाचा, कागद वाचा, मगच पाऊल टाका. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. कुलूपराव पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

अशा माणसाचा जावई त्याच डेपोत ड्रायव्हर असावा, यावर डेपोत सहा वर्षं विनोद चालले होते. मुलगी एकदा बापाचा विसरलेला चष्मा द्यायला फाटकावर आली आणि तिथे सही घ्यायला थांबलेल्या एका ड्रायव्हरने तिला बसायला खुर्ची दिली, इतकी साधी ती गोष्ट. लोक मुलगा बघताना घरदार बघतात. कुलूपरावांनी त्याचा परवाना बघितला. नऊ वर्षांत एकही शेरा नाही. म्हणाले, माणूस चांगला आहे. लग्न झाल्यावर मात्र जावयाची गाडी फाटकावर इतरांपेक्षा दुप्पट वेळ उभी राहू लागली. घरचा माणूस म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको, ही त्यांना धास्ती. जावई कधी रागावला नाही. तो नुसता फाटकाला टेकून हसत उभा राहायचा आणि मागच्या गाडीवाल्यांना म्हणायचा, "बसा रे पाण्याचे घोट घेत, सासरेबुवा माझी परीक्षा घेतायत."

टाकी धुऊन झाली की तो न चुकता डेपोत फोन करायचा. ठरलेलं बोलणं. तो म्हणायचा, बाबा, धुतली, तीन पाणी, कागद खिशात आहे. आणि कुलूपराव म्हणायचे, खिशातला कागद मला दिसत नाही, जावईबापू. पुढे हे वाक्य घरातही शिरलं. जावयाने भाजी आणली म्हणून सांगितलं की मुलगी बापाचा आवाज काढून म्हणायची, पिशवीतली भाजी मला दिसत नाही. तिघंही हसायची, आणि कुलूपरावांची बायको म्हणायची, या घरात विश्वास म्हणून काही राहिलाच नाही.

त्या दिवशी अकरा चाळीसला फोन आला. बाबा, धुतली. तीन पाणी, वायू शून्य, कागद खिशात आहे.

"खिशातला कागद मला दिसत नाही, जावईबापू."

"मग आणून दाखवतो," तो म्हणाला. संध्याकाळी दोघं तुमच्याकडेच जेवायला येतो असंही म्हणाला आणि फोन ठेवला. कुलूपरावांनी वहीत काहीच टिपलं नाही, कारण तोंडी बोलणं ते टिपत नसत.

एक पंचवीसला फोन पुन्हा वाजला. अग्निशमन केंद्राचा प्रमुख बोलत होता. हा त्यांचा जुना विद्यार्थी. पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेणारा, शेवटी एखादी शंका विचारणारा. त्याने एका दमात सांगितलं. पुलाच्या अलीकडच्या वळणावर एका ट्रकचा टायर फुटला, तो अंगावर आला, त्याला चुकवताना तुमचा टँकर रस्त्याखाली जाऊन आडवा पडला. पाटीवर कवटी दिसते आहे. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला आहे, जिवंत आहे. माणसं शंभर मीटरवर थांबवली आहेत. विषात शिरायचे बंद पोशाख आमच्याकडे नाहीत, ते दुसऱ्या केंद्रावरून निघाले आहेत, पाऊण तास लागेल. मग त्याने गाडीचा नंबर सांगितला. जावयाची गाडी.

"ड्रायव्हर ओरडून सांगतोय गाडी धुतलेली आहे," प्रमुख म्हणाला. "काचेतून हात बाहेर काढलाय, हातात कागद आहे. हलवून दाखवतोय."

"वाचता येतोय का?"

"दुर्बिणीतून बघितलं. कागद आहे एवढं दिसतं. साहेब, टाकीखालून काहीतरी ओघळतंय, काय ते कळत नाही. माझी चार माणसं तयार उभी आहेत. तुम्ही म्हणालात धुतलेली आहे, तर आत्ता पाठवतो. तुमच्या शब्दावर पाठवतो."

आता इथे कुणी म्हणेल, एवढं काय, हो म्हणायचं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं? कुलूपरावांना ठाऊक होतं की टाकी धुतलेली आहे. वाटत होतं असं नाही, ठाऊक होतं. सहा वर्षांत त्या माणसाने एकदाही दाखला हातात पडल्याशिवाय धुलाई केंद्र सोडलं नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो बाकावरचा डबा आला. तोही ड्रायव्हर खरंच बोलला होता. खालून ओघळतंय ते काय? चार माणसं. चौघांनाही त्यांनी स्वतः शिकवलेलं. एकाला जुळ्या मुली झाल्या म्हणून मागच्याच वर्गात सगळ्यांनी त्याची खेचली होती. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी पुढे कुणालाही सांगितली नाही. आपण हो म्हणालो तर जावई म्हणून म्हणालो असं होईल, हा विचार त्या घटकेला त्यांच्या मनात येऊन गेला. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर कदाचित ते हो म्हणाले असते.

"थांबा," ते म्हणाले. "मी धुलाई केंद्राला विचारतो. तोवर कुणी जायचं नाही."

धुलाई केंद्राचा फोन वाजत राहिला. जेवणाची सुट्टी. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. तिथल्या कुणाचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता, कारण मोबाइलवर बोललेलं म्हणजे तोंडीच. टेबलाच्या काचेखाली अधिकृत नंबरांची यादी होती, टाइप केलेली, सहीशिक्क्याची, आणि त्यात त्या केंद्राचा एकच नंबर होता. ते तो लावत राहिले. खोलीत दोन कारकून होते, ते उभे राहिले होते आणि दोघांनाही काय करावं ते सुचत नव्हतं. एकाने पाण्याचा पेला आणून ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते कुलूपराव त्या दिवशी करत होते, आणि शेळ्यांमध्ये घरचा एक होता.

एक एकेचाळीसला प्रमुखाने विचारलं, काही कळलं का. कुलूपराव म्हणाले, लागत नाही. प्रमुख म्हणाला, त्याच्या मांडीतून रक्त जातंय असं वाटतं, केबिनच्या दारावर दिसतंय. कागद अजून हलवतोय. कुलूपरावांनी विचारलं, तो काही बोलतोय का. प्रमुख म्हणाला, तेच. धुतली, धुतली.

एक छपन्नला प्रमुख म्हणाला, आता हलवत नाही, नुसता धरून बसलाय.

"साहेब, मी माझ्या जबाबदारीवर जाऊ का?" त्याने विचारलं. आवाजात आर्जव होतं. त्याला नाही म्हणायला नको होतं, गप्प राहिलं असतं तरी तो गेला असता. पण कुलूपराव म्हणाले, "मी काय शिकवलंय तुम्हाला?"

प्रमुख म्हणाला, "बरं."

दोन वाजून आठ मिनिटांनी धुलाई केंद्रावर फोन उचलला गेला. एक बाई होत्या, तोंडात घास असावा. हो, ती गाडी केव्हाच गेली, दाखला दिलाय, माझ्याच सहीचा आहे, काय झालं? आणि कुलूपरावांनी काय केलं असेल? त्यांनी त्या बाईंना फायलीतली नक्कल काढायला लावली आणि सातही रकाने वाचून घेतले. गाडीचा नंबर. मालाचा नंबर. पहिलं पाणी, दुसरं, तिसरं. वायू शून्य. धुणाऱ्याचं नाव. बाई वाचत होत्या आणि ते प्रत्येक रकान्याला हं म्हणत होते. त्यात दीड मिनिट गेलं. ते दीड मिनिट पुढे त्यांना चाळीस मिनिटांपेक्षा जास्त छळणार होतं, कारण त्याला कसलंच कारण सापडत नव्हतं.

मग त्यांनी प्रमुखाला सांगितलं, धुतलेली आहे, जा. माणसं धावली. बंद पोशाखांची गाडी त्यानंतर सहा मिनिटांनी पोचली आणि कुणी ते पोशाख अंगावर चढवलेसुद्धा नाहीत. टाकीखालून ओघळत होतं ते रेडिएटरचं पाणी.

लोक म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. इथे वेळसुद्धा आलेली नव्हती. चाळीस मिनिटं वाट बघून तिला बोलावून आणलं. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने मुलीला सगळं नीट समजावून सांगितलं. मांडीतली रक्तवाहिनी तुटली होती, नुसता पट्टा आवळून बांधला असता तरी चाललं असतं. अर्धा तास आधी हाताला लागले असते तर नक्की वाचले असते. उशीर का झाला ते त्या डॉक्टरला माहीत नव्हतं, आणि शेजारी उभा असलेला म्हातारा कोण तेही माहीत नव्हतं. त्याने कुलूपरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

चौकशी झाली. दोन अधिकारी आले, फायली मागवल्या, चहा घेतला. गाडी धुतलेली आहे अशी काही माहिती तुम्हाला होती का, असं त्यांनी विचारलं. कुलूपराव म्हणाले, होती, तोंडी होती. तोंडी, असं म्हणत मोठ्या अधिकाऱ्याने सुटकेचा श्वास टाकला आणि लिहून घेतलं. दोन आठवड्यांत अहवाल आला. संबंधितांनी नियमानुसार कार्यवाही केली, चार जवानांचा जीव धोक्यात घालण्याचं टाळलं, कुणावरही ठपका नाही. शेवटच्या पानावर एकच ओळ वेगळी होती. पाट्यांना कुलूप लावण्याची तरतूद नियमपुस्तकात नाही, ती पद्धत बंद करावी. टाकी धुतल्यावर पाटी जागीच पालथी करणं अपेक्षित आहे. त्या ओळीत कुणाचं नाव नव्हतं. व्यवस्थापनाने अहवालातला कौतुकाचा परिच्छेद तेवढा मोठ्या अक्षरात छापून सूचनाफलकावर लावला.

कुलपं काढली. एकवीस टँकर, चौऱ्याऐंशी कुलपं. एका खोक्यात भरून ती त्यांच्या टेबलाखाली आणून ठेवली, बसताना पायाला लागत. किल्ली कमरेला तशीच राहिली. डेपोत कुणी त्यांना टोचून बोललं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. फक्त कुलूपराव हे नाव नाहीसं झालं. पाठीमागेही लोक साहेब म्हणू लागले. फाटकापलीकडे चार ड्रायव्हर मोठ्याने बोलत असले आणि हे दिसले की आवाज खाली यायचे, आणि जन्मात हळू न बोललेली ती माणसं कुजबुजायला शिकली. त्यांना वाटे, एखाद्याने येऊन दोन शिव्या हासडाव्यात. कुणी हासडल्या नाहीत. नियमाने वागलेल्या माणसाला शिवी तरी कुठली देणार?

बायको मुलीकडे राहायला गेली होती. जाताना रोजच्यासारखं सांगून गेली, गॅस बंद केला का बघा, दूध झाकून ठेवा. परत कधी येणार ते बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

अठराव्या दिवशी दुपारी मुलगी आली. ते कामावर गेले नव्हते. तिने चपला दाराशी काढल्या, स्वतः पाणी घेतलं, खुर्ची ओढून समोर बसली. डोळे कोरडे होते. हातात दवाखान्याने दिलेली पिशवी होती, अजून गाठ मारलेली. इतके दिवस ती उघडवली नाही, आज सकाळी उघडली आणि पुन्हा बांधली, असं तिने सांगितलं.

"मला एकच विचारायचंय, बाबा. त्यांनी त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता?"

"केला होता."

"धुतली म्हणून सांगितलं?"

"हो."

पुढचं तिला विचारायची गरज नव्हती. ठरलेलं बोलणं तिलाही पाठ होतं, सहा वर्षं ती त्यावर हसली होती. तिचे ओठ हलले आणि थांबले. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुम्हाला ते खरं वाटलं होतं का?"

इथे त्यांना वाट होती. खात्री नव्हती म्हणता आलं असतं. सगळा अहवाल त्याच एका गोष्टीवर उभा होता, खात्री नव्हती. मुलीने ते ऐकून घेतलं असतं, कदाचित तिलाही तेच हवं होतं. पोरीसाठी एवढं खोटं कुठलाही बाप बोलेल.

"वाटलं होतं," ते म्हणाले. "पूर्ण खरं वाटलं होतं."

तिने मान हलवली. पिशवीची गाठ सोडली आणि शर्टाच्या घडीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. धुलाईचा दाखला. एक कोपरा तपकिरी होऊन कडक झाला होता आणि मधोमध मुठीत धरल्याच्या सुरकुत्या होत्या.

"आता दिसतोय ना?" ती म्हणाली. "मग सही करा."

"बाळ, आता..."

"एकच रकाना राहिलाय, बाबा. तो रिकामा ठेवून मला हा कागद घरात ठेवायचा नाही."

त्यांनी चष्मा लावला. तसाच घाईने सही करायला गेलेला हात थांबला आणि, त्यांचा इलाज नव्हता, ते पहिल्या रकान्यापासून वाचू लागले. गाडीचा नंबर. मालाचा नंबर. पहिलं पाणी, दुसरं, तिसरं, प्रत्येकाची वेळ वेगळी. वायू आकड्यात शून्य आणि पुढे अक्षरातही शून्य. अक्षरात लिहिण्याचा नियम कुठे नव्हता, तो यांनीच ड्रायव्हरांना लावला होता आणि सगळे कंटाळा करायचे, हा एकटा न चुकता मागून लिहून घ्यायचा. कागदात एकही चूक नव्हती. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका बिनचूक दाखला त्यांच्या हाती क्वचितच आला होता.

आठव्या रकान्यात त्यांनी सही केली. खाली तारीख आणि वेळ. पेन टेकलं आणि थांबलं. त्यांना त्या दिवसाची तारीख घालायची होती. एक पंचवीस लिहायचं होतं. दोन आकडे, कोण बघणार होतं, कुणाचं काय नुकसान होणार होतं? समोर मुलगी त्यांच्या हाताकडे बघत होती आणि तिला काय हवं आहे हे त्यांना कळत होतं. पण मागची वेळ त्यांनी उभ्या आयुष्यात कधी घातली नव्हती. हाताने आजची तारीख लिहिली आणि घड्याळ बघून चार वाजून दहा लिहिलं.

मुलीने ते वाचलं. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही. पिशवीला पुन्हा गाठ मारून ती उठली आणि म्हणाली, आईचं औषध संपलंय, ते घेऊन जाते. दार तिने हळूच ओढून घेतलं. कागद टेबलावरच राहिला. न्यायचं ती विसरली, की आता तिला तो नकोच होता, ते त्यांना कळलं नाही.

त्यांनी कागद मध्यावर दुमडला, टिंबांच्या रेघेवरून नख फिरवलं आणि नेहमीसारखा सावकाश फाडला. वरचा भाग डेपोचा, तो बाजूला ठेवला. खालचा भाग ड्रायव्हरला द्यायचा असतो. तो हातात घेऊन ते दारापर्यंत गेले, दार उघडलं. गल्लीत ऊन होतं आणि मुलगी कोपऱ्यावरून वळून गेली होती. ते तसेच उंबऱ्यात उभे राहिले, देण्यासाठी पुढे केलेला हात बराच वेळ त्यांच्या लक्षातच आला नाही.